जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर करून घेतल्या, रावपुऱ्यातल्या दुकानाचा अनुभव

ज्यांच्या माळ्यावर अजून व्हीएचएस कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, वाचा आणि प्लीज या पावसाळ्याच्या आधी त्या खाली काढा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून माळा रिकामा केला तर पत्र्याच्या ट्रंकेत अकरा कॅसेट निघाल्या. लग्नामुंजीच्या नाहीत, सगळ्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या, आणि प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात निळ्या पेनाने नाव. देख भाई देख. श्रीमान श्रीमती. आणि तिघींवर लिहिलेलं, "टिपरे, आईसाठी, पुसू नये."

आई म्हणजे बाबांची आई, माझी आजी. 2002 साली तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले काही दिवस टीव्ही बंद, आणि ती ऑपरेशनपेक्षा त्यानेच जास्त हिरमुसली कारण श्रीयुत गंगाधर टिपरे तेव्हा ऐन रंगात होतं. मग बाबांनी व्हीसीआर लावला, एक भाग चुकवला नाही. बाहेरच्यांना हे जरा समजावून सांगावं लागतं. विनोदी लेखक चि. वि. जोशी आमच्या बडोद्याचे, इथे पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दप्तरखान्यात होते, पण त्यांच्या चिमणराव गुंड्याभाऊंची मालिका सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर लागली आणि आजीला ती बघायला मिळाली फक्त मे महिन्यात दादरला आत्याकडे गेली की! आमच्या घरात मराठी मालिका आली ती केबलवर अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं तेव्हा, म्हणजे 1999 नंतरच. तर दादरला जाऊन बघितलेले चिमणराव, म्हणजे दिलीप प्रभावळकर, वीसेक वर्षांनी आबा टिपरे होऊन थेट आमच्या हॉलमध्ये. आजी त्यांना शेवटपर्यंत आबा म्हणालीच नाही. "चिमणराव आले का रे?" असंच विचारायची.

आता दुकानाचं. आधी मी दुसरीकडे एक कॅसेट देऊन फसले होते, नाव घेत नाही, त्यांनी बुरशी न बघता तशीच मशीनमध्ये घातली आणि टेप चावली, देख भाई देखचा जवळजवळ अर्धा तास गेला. मला अक्षरशः रडू आलं. मग कोणीतरी रावपुऱ्यातल्या गल्लीतल्या या दुकानाचं सांगितलं. बोर्ड धड दिसत नाही, खाली मोबाइल रिपेअरिंग, वर जिना चढून गेलं की काका बसलेले, मागे तीन व्हीसीआर एकावर एक. मी घाईघाईत सगळ्या टेबलावर ओतल्या तर म्हणाले, "उतावळ ना करशो, बेन." म्हणजे घाई करू नका, ताई. आणि एकेक कॅसेट खिडकीशी धरून बघितली. रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली की ती बाजूला. टिपरेच्या एकीत होती. तिचे पाचही स्क्रू काढले, टेप आधी साफ केली, दुसऱ्या खोक्यात बसवली आणि मगच चालवली. नवे व्हीसीआर बनणं 2016 मध्येच थांबलं, त्यामुळे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब झालं तर पार्ट जुन्या मशीनमधूनच काढावा लागतो, म्हणून ते बुरशीवाली कॅसेट डायरेक्ट लावतच नाहीत. पहिल्या दुकानात हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

कॅसेटला साडेतीनशे रुपये, साफ करायची असेल तर दीडशे वर. महाग वाटेल, पण तीन तासांची कॅसेट कॉपी व्हायला तीनच तास लागतात, त्यात शॉर्टकट नाही, आणि बाबांनी टिपरे लाँग प्लेवर, म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवून, घेतलेलं त्यामुळे एकेक सहा तासांची.

तक्रार आहे, तीही सांगते. आठ दिवस म्हणाले आणि एकोणीस लागले, तीन फेऱ्या झाल्या. फाइलींना नावं नाहीत, नुसते नंबर, कुठे काय आहे ते मला बसून शोधावं लागलं. आणि पेनड्राइव्ह आपला नेणार असाल तर आधीच सांगा, माझा जुन्या फॉरमॅटचा होता त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावेना, परत जावं लागलं.

पण एका गोष्टीसाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन. काकांनी विचारलं, मध्येमध्ये जर्क आहेत, जाहिरातींचे तुकडे आहेत, कापून सलग करून देऊ का? मी नको म्हटलं, आणि त्यांनी खरंच काही कापलं नाही, हात न लावलेली कॉपी दिली आणि रेघा कमी केलेली दुसरी वेगळी दिली. तुम्हीही असंच मागा. कारण ते जर्क म्हणजे बाबा आहेत. जाहिरात लागली की ते पॉज दाबायचे आणि परत सुरू करायला हमखास दोन सेकंद उशीर व्हायचा.

चित्र कसं आलंय? श्रीमान श्रीमती सगळ्यात स्वच्छ. जतिन कनकिया गुजराती माणूस आणि मालिकेत केशव कुलकर्णी, बायको कोकिला म्हणजे रीमा लागू, आमच्या वाड्यात खरे कुलकर्णी दोन बिऱ्हाडं आणि शेजारचे पटेल तेव्हा त्यांना केशू केशू म्हणून हाक मारायचे, ते सगळं परत आठवलं. टिपरेत खाली एक पांढरी पट्टी सरकत राहते आणि आवाजात खरखर आहे, पण आबा रात्री डायरी लिहायला बसतात तेव्हाचं त्यांचं एकूणएक वाक्य नीट ऐकू येतं.

रविवारी बाबांना लावून दिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हल्ली टीव्हीसमोर झोपतात, त्या दिवशी दोन तास हलले नाहीत. नातू शिऱ्या आणि आबांचं काहीतरी चाललेलं, मध्येच चित्र उडालं आणि वाक्य अर्ध्यातून सुरू झालं तर पटकन म्हणाले, "इथे फोन आला होता. आईला मी नंतर तोंडी सांगितलं काय झालं ते." आणि मला सांगितलं, जसंच्या तसं.

उरलेल्या चार कॅसेट सोमवारी देतेय. काका दुपारी दोन ते चार जेवायला जातात, त्या वेळेत जाऊ नका.