आर्डबेग की किलहोमन?

स्कॉटलंडच्या आयला बेटावर एकच दुपार मिळणार असेल, तर या दोन व्हिस्की डिस्टिलरींपैकी जेवण आणि टूर कुठे करावी?

टूरमध्ये किलहोमन सरस. 2005 ची ही शेतावरची डिस्टिलरी. काही बार्ली (जव) घरच्याच शेतातली. भिजवून फरशीवर पसरतात, कोंब फुटताना सतत उलथत राहतात. हे डोळ्यांदेखत पाहण्यासारखं आहे! आर्डबेग 1815 ची, पण माल्ट, म्हणजे कोंब आणून वाळवलेली बार्ली, बाहेरून तयार येतं.

कॅफे दोन्हीकडे. आर्डबेगचा मात्र जुन्या भट्टीत, जिथे पूर्वी पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर माल्ट वाळायचं.

पोर्ट एलन गावाहून आर्डबेगला पायवाट जाते. वाटेत लाफ्रॉइग, लागाव्हुलिन या डिस्टिलरी. किलहोमनला गाडी हवी, आणि स्कॉटलंडमध्ये पिऊन चालवण्याबाबतचा नियम इंग्लंडपेक्षा कडक.

व्हिस्की कशी बनते ते बघायचं असेल आणि गाडी चालवणारा न पिणारा असेल, तर किलहोमन. निवांत जेवून, दोन घोट घेऊन चालत परतायचं असेल, तर आर्डबेग.