पॅरिसमधलं कामोंदोंचं घर: जमलं तर नक्की जा, आणि घाई करू नका

पॅरिसला जाणारी आपली माणसं आयफेल, लूव्र, बोटीची फेरी आणि डिस्नीलँड करून परत येतात. आम्ही ज्या टूरवाल्यांकडून गेलो त्यांच्या यादीतही एवढंच होतं, त्यामुळे मोकळा दिवस मिळाल्यावर मी आणि आई दोघीच मेट्रोने व्हिलिए स्टेशनला उतरलो आणि चालत चालत ६३, र्यू द मोन्सो या पत्त्यावर गेलो. निसिम द कामोंदो म्युझियम. पाचपैकी पाच स्टार देतेय आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत या घराबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी ही माणसं कोण ते सांगते, नाहीतर आत गेल्यावर नुसत्या खुर्च्या आणि घड्याळं बघून बाहेर याल. कामोंदो हे मूळचे इस्तंबूलचे सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्यांपैकी, ज्यू. १८०२ मध्ये गलाटा भागात त्यांनी पेढी काढली. सुलतानाच्या सरकारला कायम रोख पैशाची चणचण, सारा वसूल व्हायला वेळ लागायचा, तोवर सैन्याचा पगार आणि बाकीचा खर्च भागवायला हे गलाट्याचे सराफ व्याजाने रक्कम द्यायचे. आपल्याकडे पेशव्यांना सावकार लागायचे ना, तसंच. अब्राहम सालोमन कामोंदो यांनी १८३२ नंतर हा कारभार एवढा वाढवला की क्रिमियाच्या युद्धाला लागणारा पैसासुद्धा त्यांच्या पेढीतून गेला, आणि लोक त्यांना युरोपातल्या बड्या ज्यू बँकर घराण्यावरून 'पूर्वेचे रॉथशील्ड' म्हणायला लागले. हेच बिरूद आपल्या मुंबई-पुण्याच्या ससून घराण्यालाही लावतात, आणि ससूनांच्या एडवर्डने तर १८८७ मध्ये पॅरिसच्या खऱ्या रॉथशील्डांच्या आलीनशी लग्न केलं. ससून हॉस्पिटलवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांना हे सगळं वाटतं तेवढं लांबचं नाही.

अब्राहम यांनी ज्यू मुलांसाठी नव्या पद्धतीची शाळा काढली म्हणून जुन्या वळणाच्या धर्मगुरूंनी त्यांना वाळीत टाकलं होतं, तरी ते मागे हटले नाहीत. इस्तंबूलला गेलात तर गलाट्यात त्यांच्या नावाचा वळणावळणाचा दगडी जिना अजून आहे, तोही बघा. १८६९ मध्ये अब्राहम आणि त्यांचे दोन नातू, असं हे कुटुंब पॅरिसला आलं आणि मोन्सो बागेला लागून या दोन भावांनी शेजारी शेजारी घरं घेतली. तेव्हा तो सगळा भागच नव्या पैशावाल्यांचा, रॉथशील्ड, एफ्रुसी अशी बँकवाली ज्यू घराणी सगळी याच परिसरात.

आता घर. आत्ता जे दिसतं ते या भावांपैकी एकाच्या मुलाने, मोईज द कामोंदो यांनी, बांधलं. आईवडिलांचं जुनं घर पाडून १९११ ते १९१४ मध्ये रने सेर्जां या आर्किटेक्टकडून व्हर्सायच्या पेती त्रियानों या छोट्या राजवाड्यावर बेतून करून घेतलं. मोईजना अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंचं वेड होतं आणि हे घर खरं म्हणजे त्या वस्तूंसाठीच बांधलंय. लूव्रच्या लांब गॅलरीसाठी चौदाव्या लुईच्या काळात विणलेला गालिचा इथे जमिनीवर अंथरलाय, रशियाच्या कॅथरीन राणीने तिच्या मर्जीतल्या ओर्लोव्हसाठी बनवून घेतलेली चांदीची भांडी आहेत. मला स्वतःला सगळ्यात आवडली ती डायनिंग रूमच्या बाजूची छोटीशी पोर्सेलीनची खोली. कपाटं भरून सेव्ह्रची ताटं आणि प्रत्येकावर वेगळा पक्षी रंगवलेला, आणि ताटाच्या मागच्या बाजूला त्या पक्ष्याचं नाव. घरी कुणी पाहुणा नसला की मोईज याच खोलीत एकटे जेवायचे. एक माणूस, एक छोटं टेबल, समोर बाग आणि भिंतीभर पक्षी. मी तिथे बराच वेळ उभी होते, पाय निघेना.

एकटे का, तर त्यांची बायको इरेन त्यांना सोडून गेली होती. ही इरेन म्हणजे रेन्वारच्या त्या प्रसिद्ध चित्रातली मोकळ्या केसांची आठ वर्षांची मुलगी, बँकर लुई काएन द'आंव्हेर यांची लेक. १८९१ मध्ये लग्न, मग निसिम आणि बेआत्रिस अशी दोन मुलं, आणि १९०२ ला घटस्फोट. मुलं वडिलांकडे राहिली. एवढं मोठं घर बांधलं ते निसिमला मिळावं म्हणून, आणि घर पूर्ण झालं त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. निसिम विमानदलात गेला आणि ५ सप्टेंबर १९१७ ला लोरेनच्या आकाशात मारला गेला. पंचवीस वर्षांचा होता. मोईजनी बँकेचं काम बंद केलं आणि ठरवलं की घर, वस्तू सगळं फ्रान्सला द्यायचं, मुलाच्या नावाने. अट एकच, काही हलवायचं नाही, कुठे प्रदर्शनाला द्यायचं नाही, जिथे जे आहे तिथे ते राहील. १९३५ मध्ये ते गेले आणि १९३६ च्या डिसेंबरमध्ये म्युझियम उघडलं. निसिमची खोली वर आहे, ती चुकवू नका.

आईला मात्र स्वयंपाकघराने जिंकलं. मोठी लोखंडी चूल, पांढऱ्या टाइल्सच्या भिंती, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली तांब्याची पातेली. आई वाकून वाकून आत बघत होती आणि मला म्हणाली, "अगं कल्हई आहे बघ याला, म्हणजे इथेही कल्हईवाला यायचा असणार." आमच्या साताऱ्याच्या घरी दर वर्षी कल्हईवाला अंगणात भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर, तो सगळा वास तिला तिथे आठवला. नोकरमाणसांची जेवायची खोली, लिफ्ट, नळाला गरम पाणी असलेल्या न्हाण्या, म्हणजे बाहेरून अठरावं शतक आणि आतून अगदी मॉडर्न घर.

आणि मग बाहेर पडताना प्रवेशापाशी एक संगमरवरी पाटी आहे. फ्रेंचमध्ये आहे म्हणून पुढे जाऊ नका, थांबून वाचा. बेआत्रिस, तिचा नवरा लेओं रेनाक, मुलगी फानी आणि मुलगा बेर्त्रां, या सगळ्यांना १९४३-४४ मध्ये जर्मनांनी नेलं आणि आउश्वित्झला ते मेले, असं त्या पाटीवर लिहिलंय. आजोबांनी घर देशाला दिलं, मामाने देशासाठी जीव दिला, लेओंच्या वडिलांनी समुद्रकाठची त्यांची व्हिला फ्रान्सच्या संस्थेला दिली, हे सगळं लेओंनी सरकारला पत्र लिहून कळवलं होतं. काही उपयोग झाला नाही. १९४२ च्या शेवटी चौघांना पकडलं, पॅरिसजवळच्या द्रांसीच्या कॅम्पात जवळजवळ वर्षभर ठेवलं, लेओं आणि मुलांना नोव्हेंबर १९४३ ला पाठवलं आणि बेआत्रिसला मार्च १९४४ ला. म्युझियम उघडून नऊ वर्षंही झाली नव्हती आणि मोईजचा वंश संपला होता. रेन्वारचं ते चित्रही नाझींनी लुटलं. युद्धानंतर ते इरेनला परत मिळालं, मुलगी आणि नातवंडं गेलेल्या इरेनला, आणि मग तिने ते विकलं.

आपल्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतं ना, की मूठभर ज्यू बँकर घराणी सगळं जग चालवतात वगैरे, ते फॉरवर्ड मीही पूर्वी वाचून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. मी त्या पाटीचा फोटो टाकते आणि खाली चार नावं लिहिते. इतका पैसा, राजेरजवाड्यांशी उठबस, देशाला दिलेली एवढी देणगी, आणि एका मुलीला वाचवता आलं नाही, हे त्या घरात उभं राहून बघितल्यावर असले मेसेज वाचवत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मधल्या काळात दुरुस्तीसाठी बंद होतं, तर आधी चालू आहे का ते बघून घ्या. ऑडिओ गाइड घ्याच, इंग्रजीत आहे. दोन तास तरी हातात ठेवा, लहान मुलं असतील तर एकाने त्यांना मागच्या मोन्सो बागेत खेळवा, कारण इथे हात लावण्यासारखं काही नाही आणि ती कंटाळतील. आणि ओर्से म्युझियमला जाणार असाल तर हे घर आधी करा. मोईजचे चुलतभाऊ इझाक यांनी १९११ मध्ये मरताना त्यांचा सगळा संग्रह देशाला दिला, त्यातली देगा, माने, मोने, सेझान यांची चित्रं आता तिकडे आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तर आई चित्रं कमी आणि खालच्या पट्ट्या जास्त वाचत होती. मानेच्या त्या बासरी वाजवणाऱ्या पोराखाली तिला नाव सापडलं, तशी तिने मला लांबूनच हात करून बोलावलं, "हे बघ, आपले कामोंदो."