नॅनो मशरूम कॅप्सूल (रिशी + टर्की टेल), ५ पैकी २ स्टार

गंगापूर रोडच्या एका सप्लिमेंटच्या दुकानातून अण्णांसाठी घेतली, बाटली अडीच हजारच्या आसपास पडली. दुकान चकाचक, एसी बिसी, पार्किंगची मात्र बोंब. काउंटरवरचा पोरगा बोलायला एकदम गोड, पण "मॅडम नॅनो आहे, डायरेक्ट सेलमध्ये घुसतं, शुगर कॅन्सर सगळ्यावर चालतं" असं त्याने सुरू केलं तिथेच माझं डोकं सटकलं, कारण त्याच बाटलीच्या मागे बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही असं छापलंय.

आता नॅनो, म्हणजे अतिबारीक कणांचं औषध, ही नुसती फेकाफेक असं नाहीये हां. रिशी मशरूममधले ट्रायटरपीन नावाचे कडू घटक पाण्यात धड विरघळत नाहीत, मग रक्तात जेमतेम पोचतात, म्हणून त्यांना लिपोसोममध्ये म्हणजे चरबीच्या बारीक बारीक पिशव्यांत भरून द्यायचं संशोधन चालू आहे. कॉर्डिसेप्स नावाच्या दुसऱ्या बुरशीतलं कॉर्डिसेपिन हे द्रव्य तर शरीरातलं एन्झाइम लगेच मोडून टाकतं, तिथेही असं कव्हर कामाचं. पण हे बहुतेक काम अजून लॅबमधल्या पेशी नि उंदरांवरच अडकलंय. लिपोसोमवालं डॉक्सिल १९९५ ला अमेरिकेत मंजूर झालं खरं, पण ते कॅन्सरचं इंजेक्शन, मशरूमशी त्याचा काही संबंध नाही. जपानमध्ये शिताके मशरूममधून काढलेलं लेंटिनान पोटाच्या कॅन्सरला केमोसोबत वापरलं गेलं, तेही इंजेक्शनच, आणि साधं, नॅनो बिनो नाही.

तर मग या कॅप्सूलमध्ये नॅनो काय आहे? लेबलवर कणाचा साइज नाही, कशात भरलंय ते नाही, बीटा ग्लुकान (मशरूममधला मुख्य कामाचा घटक) किती ते पण नाही, फक्त "पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) ४० टक्के" असं ठळक. अहो स्टार्च पण पॉलिसॅकराइडच असतं की! म्हणून घरी एक कॅप्सूल फोडली, पावडर थोड्या गरम पाण्यात कालवली, गार झाल्यावर वरून बीटाडीनचे दोन थेंब टाकले, त्यातलं आयोडीन स्टार्चला लागलं की निळंकाळं होतं. शेजारच्या वाटीत तांदळाचं पीठ होतं तपासायला. दोन्ही वाट्या निळ्याकाळ्या, ओळखू येईना कुठली कोणती. नुसतं मशरूम असतं तर असा रंग आला नसता. म्हणजे एकतर धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीचे धागे) धान्यासकट दळलंय नाहीतर सरळ फिलर घातलाय. चव पण बघितली, रिशीचा अर्क जिभेवर चांगला कडू लागायला पाहिजे, हे आपलं बेसनासारखं.

दुकानाला व्हॉट्सअपवर लॅब रिपोर्ट मागितला, कणाचा साइज मोजायची मशीन असतात म्हटलं, तर त्यांनी ब्रोशर पाठवलं ज्यात निळे चमकणारे गोळे आणि एक हसणारी फॅमिली. परत मागितला तर अंगठा 👍. पैसे परत नाहीत कारण सील तोडलंय.

सगळ्यात राग याचा आला की अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि रिशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तरी पोराने कुठली औषधं चालू आहेत एवढंसुद्धा विचारलं नाही. बाटली उचलून ठेवलीये, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देणार नाही.

दोन स्टार कशाला? एक पॅकिंगला, एक दुकानातल्या एसीला. आता तेच दुकान दोनवर एक फ्री देतंय, मेसेज आलाय.