गोष्टींतून तेरावे शतक: मुलांच्या एका कार्यशाळेविषयी

सदाशिव पेठेतील एका लहानशा ग्रंथालयाने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार रविवारांची वाचन-कार्यशाळा घेतली. माझी नऊ वर्षांची मुलगी तिला गेली होती आणि पालकांना बसण्याची मुभा असल्याने मीही चारही दिवस उपस्थित होते. संतांच्या बालगोष्टी वाचून तेराव्या-चौदाव्या शतकातील रोजचे जगणे समजून घेणे, हा तिचा विषय होता.

ही निवड मला फार योग्य वाटली. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार अशी आपल्या संतांची ओळखच त्यांच्या कामातून होत असल्यामुळे, शिकवणाऱ्या ताई चमत्कारापाशी न थांबता, माती कुठून आणत असतील, मडकी कशावर भाजत असतील, असे विचारत गेल्या. जनाबाईंच्या गोष्टीनंतर दगडी जाते मांडले होते. अर्धा किलो ज्वारी दळताना सहा मुलांचे हात भरून आले आणि विठ्ठल दळू लागायला का आला, हे मग कोणी समजावून सांगावे लागले नाही.

सर्वांत रंगला तो तिसरा रविवार. एका पुस्तकातील चित्रात गोरोबांच्या चुलीशेजारी लाल मिरच्यांची माळ टांगलेली होती. ताईंनी तीच चूक शोधायला लावली. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग ही सारी मूळची अमेरिका खंडातील पिके असून १४९८ मध्ये पोर्तुगीज भारतात पोहोचल्यानंतरच ती इकडे आली, हे कळल्यावर 'मग तिखट कशाने करायचे?' या प्रश्नापासून मुले आपली आपण मिऱ्यापर्यंत पोहोचली.

केळकर संग्रहालयाची भेट मात्र घाईची झाली. तेथील बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील आहेत, हे आधी सांगायला हवे होते. अनेक मुलांनी ते दिवे आणि अडकित्ते जनाबाईंच्याच काळातले मानले.

चार रविवारांचे बाराशे रुपये मला जास्त वाटले नाहीत आणि मी ही कार्यशाळा इतर पालकांना अवश्य सुचवेन. एक उणीव तेवढी मनाला लागली. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, एवढे सांगून त्यांची गोष्ट आटोपती घेतली गेली. ते गावाबाहेर का राहत होते, याबद्दल एक शब्दही निघाला नाही. घरी येताना मुलीने विचारले, "मग ते पाणी कुठून भरायचे?" हा प्रश्न तिथे, सगळ्या मुलांसमोर निघायला हवा होता.