शिकवणाऱ्यांचे शिक्षण : यवतमाळ जिल्ह्यातील एका प्रशिक्षक अभ्यासक्रमाविषयी

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी यवतमाळ जिल्ह्यातील एक खासगी संस्था अल्प मुदतीचा अभ्यासक्रम चालवते. तो मी गेल्या उन्हाळ्यात पूर्ण केला. आर्णी, दारव्हा, दिग्रस या भागांत वर्षानुवर्षे जीप, ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी चालवणारे पुष्कळ जण आहेत, परंतु शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याला गाडी शिकवण्याची वेळ त्यांच्यापैकी फारच थोड्यांवर आलेली असते. त्यांच्यापैकी कोणी या व्यवसायाचा विचार करीत असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात आहे. ज्येष्ठ प्रशिक्षक स्वतः शिकाऊ चालक होऊन स्टिअरिंगवर बसतात आणि मुद्दाम चुका करतात. ते एकदम क्लच सोडतात, आरसा न पाहता वळतात, समोरून ट्रक आला की घाबरल्यासारखे करून स्टिअरिंग घट्ट धरून ठेवतात. डावीकडे बसलेल्या उमेदवाराने त्यांना केवळ शब्दांनी सावरायचे असते. नुसते ‘डावीकडे’ असे म्हटले की शिकाऊ माणूस त्याच क्षणी स्टिअरिंग फिरवतो. म्हणून आधी ठिकाण, मग दिशा आणि शेवटी कृती, या क्रमाने आणि वेळेच्या बऱ्याच आधी सूचना द्यावी, हे येथे मनावर ठसवले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक पुढे जाते, त्यामुळे उशिरा दिलेली अचूक सूचनाही निरुपयोगी ठरते, हे मैदानावर खुणा आखून दाखवण्यात आले.

प्रशिक्षकाच्या पायाशी असलेल्या जादा ब्रेक आणि क्लचविषयी मला जे येथे समजले, ते आजवर कोणी सांगितले नव्हते. प्रशिक्षकाने गुपचूप ब्रेक दाबला, तर गाडी आपणच थांबवली असे शिकाऊ चालकाला वाटते, आणि तोच चुकीचा अंदाज घेऊन तो पुढे एकटा रस्त्यावर उतरतो. म्हणून ब्रेक दाबला की तो आपण दाबला, आणि का दाबला, हे लगेच सांगायचे, असा येथील दंडक आहे. मला तो अत्यंत योग्य वाटला.

भाषेविषयीही संस्था आग्रही आहे. आपल्याकडे गाडी शिकवणारा सहजपणे ‘अबे’ म्हणून जातो, आणि शिकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. येथे मात्र अठरा वर्षांच्या मुलालाही ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय लावली जाते. अंगणवाडी सेविका, शिक्षिका, आशाताई अशा अनेक स्त्रिया आता गाडी शिकायला येतात. त्यांच्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग फिरवायचे नाही, स्टिअरिंगला हात लावणे अटळच असेल तर आधी तसे सांगायचे, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. ग्रामीण भागातील किती स्त्रियांनी केवळ ओरडण्याच्या धास्तीने गाडी शिकणे सोडून दिले असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. यांत्रिक भाग फारच तोकडा आहे. भिंतीवरचे तक्ते आणि एक उघडलेले इंजिन यांपलीकडे तो जात नाही. सराव मुरमाच्या सपाट मैदानावर होतो, त्यामुळे चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणे कसे शिकवावे हे केवळ तोंडी सांगितले गेले. सर्वांत मोठी उणीव रात्रीच्या सरावाची आहे. दिवाळीनंतर नागपूर–तुळजापूर महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यांकडे, निघतात, मागे दिवा नसलेल्या बंड्या (बैलगाड्या) अंधारात अचानक पुढे येतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर डांबराच्या कडेची काळी माती चाक धरू देत नाही. येथे शिकणाऱ्याला या रस्त्यांवरच गाडी चालवायची आहे, मग त्याच्या शिक्षकाच्या अभ्यासक्रमात हा विषय नसणे मला गंभीर वाटते.

प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अशा संस्थेचे प्रमाणपत्र हातात आले म्हणजे कायद्याने प्रशिक्षक होता येते, असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ नुसार प्रशिक्षक किमान दहावी उत्तीर्ण असावा लागतो, त्याला वाहन चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो, आणि शासकीय किंवा शासनमान्य संस्थेचे मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्रही लागते. ज्यांनी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला आहे, त्यांची ही अट पूर्ण होते. इतरांनी आधी त्याची सोय पाहावी. आमच्या तुकडीतील काही जणांना ही अट वर्ग सुरू झाल्यावर कळली. ती माहितीपत्रकातच ठळकपणे छापणे संस्थेचे कर्तव्य होते.

नोंदवह्यांचा भाग मात्र उत्तम शिकवला जातो. हलक्या खासगी वाहनासाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान दहा तासांचे असावे, असे नियम ३१ सांगतो. हे तास नमुना १५ च्या नोंदवहीत रोजच्या रोज खरेखुरे भरले, तरच त्यांना अर्थ आहे, यावर स्वतंत्र तास घेतला गेला आणि आमच्याकडून नोंदी लिहून घेतल्या.

शुल्क दोन हप्त्यांत भरता येते आणि बाहेरगावच्या उमेदवारांना मुक्कामाची साधी सोय मिळते. आवश्यक पात्रता हाती असलेल्या चालकाने, केवळ शिकवण्याच्या सरावासाठी का होईना, हा अभ्यासक्रम अवश्य करावा. कापूस वेचणीच्या हंगामात रात्रीचे सराववर्ग जोडावेत, अशी लेखी विनंती मी संस्थेकडे केली आहे. ते सुरू झाले तर मी पुन्हा शुल्क भरून त्यांना बसणार आहे.