१०० रेषांचं ग्रेटिंग : सड्यावरचा दीड वर्षाचा अनुभव

वेंगुर्ल्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे पोटापाण्याचं काम लग्नांचं. विधी आटपत आले की भटजी नवरानवरीला मंडपाच्या पत्र्याकडे बोट करून अरुंधती दाखवतात आणि तो फोटो घ्यावाच लागतो. तेवीस वर्षं पत्र्याचे फोटो काढल्यावर खरी अरुंधती आणि तिचा वसिष्ठ बघायची हौस आली. त्या हौसेपायी १३० मिमीची दुर्बीण आली आणि दुर्बिणीमागून हे ग्रेटिंग.

वस्तू म्हणाल तर सव्वा इंची फिल्टरएवढी काच, तिच्यावर मिलिमीटरला १०० रेषा. कॅमेरा जोडायच्या नळीच्या तोंडाला फिल्टरसारखी फिरवून बसवायची. फोटोत ताऱ्याच्या ठिपक्याशेजारी त्याच ताऱ्याचा रंगीत पट्टा, म्हणजे वर्णपट, उमटतो. विलायतेहून मागवली, कस्टम धरून १९ हजारांना पडली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते या मापाच्या कुठल्याही ग्रेटिंगला लागू आहे. मराठी पुस्तकांत हिला विवर्तन जाळी म्हणतात. हे ऐकून आमचा ट्रॉलरवाला मित्र म्हणाला, ''ह्या जाळीक एकोणीस हजार? तेवढ्यात माका नवा जाळा इला असता.''

घेतलं ते वसिष्ठासाठी. दुर्बिणीतून वसिष्ठ एक नाही, दोन दिसतात. त्यातला जो जास्त तेजस्वी, तो पुन्हा जुळा. ते जुळेपण डोळ्यांना नाही, वर्णपटात सापडलं. १८८९ मध्ये हार्वर्डच्या पिकरिंगने जाहीर केलं की या ताऱ्याच्या पट्ट्यातली कॅल्शियमची रेषा, म्हणजे त्या मूलद्रव्याची काळी खूण, कधी एकेरी दिसते, कधी दुहेरी. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, साडेवीस दिवसांत एक फेरी. एक आपल्याकडे येत असताना दुसरा लांब जातो, म्हणून एकाच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दुसऱ्याच्या तांबड्याकडे. दोघे आडवे जात असले की रेषा पुन्हा एक.

विकणाऱ्याच्या पानावर 'जुळ्या ताऱ्यांचा अभ्यास करा' असं ठळक लिहिलेलं होतं. मी एप्रिलातल्या अकरा रात्री वसिष्ठावर घालवल्या. रेषा काही फाटेना. मग वही काढली, जे विकत घ्यायच्या आधी करायला हवं होतं. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, ग्रेटिंगपासून सेन्सर ८० मिमीवर. म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण ५.४ अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं एकक) मावतात. दोन ताऱ्यांच्या वेगात सेकंदाला २०० किलोमीटरचा फरक धरला, तरी हायड्रोजनची तांबडी रेषा जेमतेम ४.४ अँगस्ट्रॉमने फाटते. एक पिक्सेलसुद्धा नाही! त्यात ताऱ्याचा ठिपकाच चारपाच पिक्सेल रुंद. सोन्याच्या तराजूचं काम मी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर करत होतो. रेषा फाटलेली बघायची तर फटीचा वर्णपटदर्शक लागतो आणि त्याच्या किमतीत आमच्याकडे चांगली मोटारसायकल येते.

वर्षभर ग्रेटिंग डब्यात पडून राहिलं असतं. पण गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री दहाच्या सुमारास, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अगस्त्याच्या डावीकडे दुर्बीण वळवली. गॅमा व्हेलोरम. व्हेला या तारकासमूहातला तारा, व्हेला म्हणजे शिडं. आमच्याकडून हा तारा दक्षिणेला २७ अंशांपर्यंत चढतो. ग्रेटिंग जिथून आलं त्या विलायतेतून तो कधी उगवतच नाही. दहा सेकंदांचा फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून पाय लटपटले. व्याधाच्या पट्ट्यात काळ्या खाचा असतात. इथे उलट, पट्ट्यावर उजळ गाठी! निळ्यात एक जाड गाठ, ४६५० अँगस्ट्रॉमच्या आसपास, पिवळ्यात दुसरी, ५८०८ ला. दोन्ही कार्बनच्या.

हाही जुळाच आहे, ७८.५ दिवसांची फेरी. एक वुल्फ-रायेट जातीचा, अंगावरचा वायू वादळासारखा बाहेर फेकणारा. त्या वेगामुळे त्याच्या रेषा इतक्या पसरट की माझ्या भोंगळ काचेलाही दिसतात. दुसरा ओ वर्गाचा निळा तारा, जो प्रत्यक्षात जास्त तेजस्वी आहे. पट्ट्याचा अखंड उजेड बराचसा त्याचा, गाठी पहिल्याच्या. कक्षा मोजता आली नाही, पण एका पट्टीवर दोघांच्या सह्या मिळाल्या.

पिवळी गाठ दाखवली की प्रत्येक पाहुणा म्हणतो, ''हां, हा आपल्या विजयदुर्गचा हेलियम!'' लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण बघताना हेलियम शोधला, अशी आमच्याकडची समजूत. पण ही गाठ हेलियमची नव्हे. हेलियमची रेषा ५८७६ ला. आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकियरसाहेब विलायतेतच होता, हे सांगितलं की मंडळी चहा न घेताच उठतात.

आता किनाऱ्यावरच्या माणसासाठी. रेषांची बाजू काचेखाली झाकलेली आहे, ही मोठी सोय. खारं दमट हवामान काय करतं ते बुरशी आलेल्या लेन्सा बघून मला पाठ आहे. तरी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल हवंच, जेल महिन्याला तव्यावर भाजून घ्यायचं. मतलई वारा सुटला की दुर्बीण हलते आणि पट्टा फराटतो, वारा पडेपर्यंत थांबायचं. एलईडी दिव्यांवर मासेमारी करणाऱ्या नौका दक्षिणेला असतील तर गाशा गुंडाळायचा. जून ते सप्टेंबर ग्रेटिंगला सुट्टी.

सोबतचं पत्रक चार ओळींचं आहे. सेन्सरचं अंतर आणि पिक्सेलचा हिशोब त्यात नाही. फोटोवरून आलेख काढायला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं, निदान मला पुरलं. मोजपट्टी म्हणून आधी व्याध घ्या, त्याच्या हायड्रोजनच्या खाचा ठसठशीत असतात.

पाचपैकी साडेतीन. वसिष्ठासाठी घेणार असाल तर शून्य धरा. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या सड्यावर आलात तर शिडांचा तारा दाखवीन, स्वेटर मात्र आपापला आणा.