खाणीच्या तळ्याकाठी आठ महिने: आमच्या स्टॅटिक कॅराव्हॅनचा अनुभव

मार्चमध्ये इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड वॉटर पार्कातल्या (घसरगुंड्यांचा नव्हे, हा तळ्यांचा परिसर) एका तळ्याकाठी जुनी स्टॅटिक कॅराव्हॅन, म्हणजे एकाच जागी उभं राहणारं तयार घर, घेतली. स्विंडनच्या घरापासून अर्ध्या तासावर. नेमक्या साइटचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे तक्रार आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर तळं दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "धरण कुठल्या नदीवर?" धरण नाहीच. ही सगळी खडीची खाण. कॉट्सवोल्डच्या डोंगरांतून झिजलेली चुनखडीची खडी थेम्सच्या उगमाजवळच्या सपाटीवर साचली होती. गेल्या शतकात बांधकामासाठी ती उपसली. खणताना पंपाने पाणी काढत राहायचं. खडी संपली, पंप बंद झाले आणि जमिनीतलं पाणी आपोआप वर आलं. विल्टशर आणि ग्लॉस्टरशरच्या हद्दीवर अशी शंभराहून जास्त तळी आहेत, तळ्यांना चक्क नंबर आहेत. चुन्यामुळे पाणी नितळ. थंडीत बदकांचे थवे उतरतात. 2021 पासून या तळ्यांना कायद्याचं संरक्षणही आहे. काठ मात्र फसवा, दोन पावलांत खोल. पोरांना आम्ही लाइफ जॅकेटशिवाय जवळ जाऊ देत नाही.

आता कॅराव्हॅन. उन्हाळा झकास गेला. सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलं की समोर हंसांची जोडी आणि चार करडी पिल्लं. गॅस सिलिंडरवर. एकदा पोह्यांची फोडणी तडतडत असतानाच संपला, दुसरा भरलेला नव्हता. तेव्हापासून दोन्ही हलवून बघतो. थंडीसाठी प्रोपेनच घ्या, ब्यूटेन शून्याच्या आसपास साथ सोडतो.

ऑक्टोबरपासून खरी परीक्षा. काचांवर आतून पाणी ओघळतं. गादी उचलली तर खालची प्लायवूड ओली, एका कोपऱ्यात बुरशी. आता गादीखाली लाकडी पट्ट्या घातल्यात आणि खिडकी बोटभर उघडी ठेवतो.

तक्रार पैशांची. जागेचं भाडं दरवर्षी वाढतं, हे घेताना नीट सांगितलं नाही. विकायची तर साइटवाल्यांचं कमिशन. शिवाय हे सुट्टीचं घर, कायमचा पत्ता म्हणून चालत नाही. गुंतवणूक समजून घेणार असाल तर सरळ नाही म्हणा.

पुढच्या शनिवारी नळातलं सगळं पाणी काढून टाकायला जायचंय, नाहीतर गोठून पाइप फुटतील. हंसांची पिल्लं आता जवळजवळ पांढरी झालीत.